‘एनिमी’, ‘अपोनंट’ आणि ‘रायव्हल’ : विरोधवाचक इंग्रजी शब्दांचे अध्यापन



इंग्रजीच्या वह्या तपासताना शिक्षकाचे लक्ष सामान्यतः दोन गोष्टींवर असते. शब्दाचे वर्णलेखन बिनचूक आहे काय, आणि वाक्याची रचना व्याकरणाला धरून आहे काय. या दोन कसोट्यांना उतरलेल्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली जाते. परंतु काही चुका अशा असतात की, त्या या दोन्ही चाळण्यांतून निसटतात. शेजारच्या गावच्या शाळेशी कबड्डीचा सामना झाल्यावर सातवीतील एखादा मुलगा वहीत लिहितो, ‘अवर एनिमी वॉज स्ट्राँग.’ वर्णलेखन शुद्ध आहे, क्रियापद योग्य आहे, काळही योग्य आहे. तरीही वाक्य चुकलेले आहे. ज्या मुलांशी तो घटकाभर खेळला आणि खेळ संपल्यावर ज्यांच्या पंक्तीला बसून जेवला, ती मुले त्याची ‘एनिमी’ नव्हेत. ती त्याची ‘अपोनंट’ होत.

हा दोष मुलाच्या माथी मारता येणार नाही. शब्दार्थांच्या पुस्तकांत ‘एनिमी’, ‘फो’, ‘ॲडव्हर्सरी’ आणि कित्येकदा ‘अपोनंट’ यांच्यापुढेही ‘शत्रू’ हा एकच अर्थ छापलेला आढळतो. त्यात विरुद्धार्थी शब्दांच्या कोष्टकाची भर पडते. या कोष्टकात ‘फ्रेंड’ या शब्दासमोर ‘एनिमी’ हा शब्द ठरलेला असतो. महाराष्ट्रात इ. स. २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून सुरू झाल्यामुळे ही जोडी फार लहान वयात मुलांच्या तोंडी बसते. जो मित्र नाही तो शत्रू, अशी समजूत त्यातून नकळत रुजते. वस्तुतः ‘फ्रेंड’ आणि ‘एनिमी’ यांच्यामध्ये शब्दांचा मोठा प्रदेश पसरलेला आहे. परका, समोरचा, विरोधक, प्रतिस्पर्धी अशी अनेक माणसे त्या प्रदेशात राहतात. हा प्रदेश मुलांना दाखविणे, हे या विषयाच्या अध्यापनाचे प्रयोजन होय.

यासाठी शिक्षकाला प्रारंभ दूरवरून करावयास नको. मराठी मुलाजवळ हे भेद आधीच असतात. शर्यतीतील चुरस, दोन घरांतील तेढ, मनातील अढी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हाडवैर आणि वाटणीवरून माजलेली भाऊबंदकी यांतील फरक खेड्यातील मुलाला कोणी शिकविलेला नसतो, तरी तो त्याला कळतो. चुरस सामन्याबरोबर संपते आणि हाडवैर मेल्यावरही संपत नाही, हे तो जाणतो. इंग्रजी शब्द शिकविताना या ज्ञानाचा आधार घेतला, म्हणजे अर्ध्याहून अधिक काम झाले असे समजावे.

प्रथम ‘एनिमी’ हा शब्द घेऊ. जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचे मूळ लॅटिन ‘इनिमीकुस’ या शब्दात आहे. ‘आमीकुस’ म्हणजे मित्र आणि ‘इन’ हा नकार. संस्कृतात शत्रूला ‘अमित्र’ असाच एक शब्द आहे, हे ध्यानात घेतल्यास दोन्हींची घडण सारखी असल्याचे दिसून येईल. मराठीत फारसीतून आलेल्या ‘दुश्मन’ या शब्दाची घडण मात्र वेगळी आहे. त्यात ‘दुश्’ म्हणजे वाईट आणि ‘मन’ म्हणजे मन. ज्याचे मन आपल्याविषयी वाईट आहे तो दुश्मन. ‘एनिमी’चा आजचा अर्थ या शब्दाशी अधिक जुळतो. समोरच्याचे अहित व्हावे अशी इच्छा असल्याखेरीज साध्या व्यवहारात कोणालाही ‘एनिमी’ म्हणता येत नाही.

या शब्दाचा एक दुसरा उपयोग युद्धाच्या संदर्भात होतो आणि तेथे मनातील भावनेचा प्रश्न उरत नाही. भारतीय संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात ‘एनिमी एलियन’ असा शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ शत्रुराष्ट्राचा नागरिक असा होतो. अशा माणसाने येथील कोणाचा द्वेष केलेला असेलच असे नाही. त्याच्या राष्ट्राशी युद्ध चालू आहे एवढ्यावरून कायदा त्याला तो शब्द लावतो. प्राचीन रोमन लोक हा भेद दोन शब्दांनी दाखवीत. खाजगी वैऱ्याला ते ‘इनिमीकुस’ म्हणत आणि राष्ट्राच्या शत्रूला ‘होस्टिस’ म्हणत. इंग्रजीत दोन्ही अर्थांचे ओझे एकट्या ‘एनिमी’वर पडले आहे, म्हणून तो कोठे कोणत्या अर्थाने आला आहे हे संदर्भावरून पाहावे लागते.

‘फो’ हा शब्द अर्थाने ‘एनिमी’च्या जवळचा असला, तरी तो आज मुख्यत्वे कवितेत आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आढळतो. मुलांना तो ओळखता यावा एवढे पुरे. रोजच्या लेखनात वापरण्याचा आग्रह धरू नये. जिज्ञासू मुलांना मात्र आणखी एक जोडी सांगण्यासारखी आहे. ‘फ्रेंड’ हा जुना इंग्रजी शब्द ‘प्रेम करणारा’ या अर्थाच्या धातुसाधितापासून झाला, आणि त्याच घडणीचा ‘फीन्ड’ हा शब्द ‘द्वेष करणारा’ या अर्थाने शत्रूसाठी वापरला जात असे. पुढे ‘फीन्ड’चा अर्थ सैतान असा झाला आणि शत्रूसाठी परक्या भाषेतून आलेला ‘एनिमी’ हा शब्द स्थिरावला.

आता ‘हॉस्टाइल’ या विशेषणाकडे वळू. वर उल्लेखिलेल्या ‘होस्टिस’ या लॅटिन शब्दापासून ते आले आहे. या ‘होस्टिस’चा पूर्वेतिहास मोठा उद्बोधक आहे. रोमन विद्वान सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात असे नमूद केले आहे की, पूर्वजांच्या काळी या शब्दाचा अर्थ केवळ परका मनुष्य असा होता. पाहुणा या अर्थाचा इंग्रजी ‘गेस्ट’ हा शब्द आणि ‘होस्टिस’ ही दोन्ही एकाच मुळाची लेकरे आहेत असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘हॉस्पिटल’, ‘हॉटेल’ आणि यजमान या अर्थाचा ‘होस्ट’ हे शब्दही याच कुळातले. दारात आलेला अनोळखी माणूस पाहुणा ठरतो की शत्रू, हे घरच्यांच्या वागणुकीवर अवलंबून असते. भाषेने या दोन्ही शक्यता एका मुळात जपून ठेविल्या आहेत.

‘हॉस्टाइल’ म्हणजे शत्रुत्वाच्या भावनेने वागणारा. अनोळखी माणूस पाहून दात विचकणारा कुत्रा ‘हॉस्टाइल’ असतो. गावात आलेल्या पाहणीपथकाला उत्तर न देता आठ्या घालून बसलेला जमावही ‘हॉस्टाइल’ असतो. येथे एकवचन आणि अनेकवचन यांतील भेद शिकविणे अगत्याचे आहे. ‘हॉस्टिलिटी’ ही भावना होय, तर ‘हॉस्टिलिटीज’ म्हणजे प्रत्यक्ष लढाई. कोरियातील युद्ध २७ जुलै १९५३ रोजी युद्धबंदी करार होऊन थांबले. त्यानंतर युद्धकैद्यांचा प्रश्न सोडविण्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताचे जनरल थिमय्या यांनी भूषविले. त्या दिवशी ‘हॉस्टिलिटीज’ संपल्या. परंतु दोन्ही कोरियांमध्ये शांततेचा तह अद्यापि झालेला नाही, आणि त्यांच्यामधील ‘हॉस्टिलिटी’ही संपलेली नाही. एका अक्षराच्या भराने अर्थ किती पालटतो, हे या उदाहरणावरून वर्गाला पटवून देता येते.

न्यायालयाच्या बातम्यांत येणारा ‘हॉस्टाइल विटनेस’ हा प्रयोग मात्र अक्षरशः घेऊ नये. ज्या पक्षाने साक्षीदाराला बोलाविले, त्याच पक्षाच्या विरुद्ध जाणारी साक्ष तो देऊ लागला म्हणजे त्याला असे म्हणतात. मराठी वर्तमानपत्रे ‘साक्षीदार फितूर झाला’ असे लिहितात. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात स्वतःच्या साक्षीदाराला उलट प्रश्न विचारण्याची मुभा होती, परंतु ‘हॉस्टाइल’ हा शब्द त्यात नव्हता; तो वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या वापरातून रूढ झाला. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, तरी न्यायालयाच्या बोलीत हा शब्द चालूच आहे.

यानंतर येतो तो ‘अपोनंट’. लॅटिनमध्ये याचा मूळ अर्थ ‘समोर ठेवणे’ एवढाच आहे. समोरच्या घराला ‘द ऑपोझिट हाऊस’ म्हणतात, त्यात वैराचा लवलेशही नसतो. शाळा आणि मारुतीचे देऊळ समोरासमोर असली तर ती एकमेकांच्या ‘ऑपोझिट’ असतात. बुद्धिबळाच्या पटापलीकडे बसलेला, वादसभेत दुसरी बाजू मांडणारा, निवडणुकीत विरुद्ध उभा राहिलेला, हे सर्व ‘अपोनंट’ होत. ज्या बाबीत ते समोर उभे आहेत, त्या बाबीपुरतेच ते ‘अपोनंट’ असतात. पट गुंडाळला की तो संबंध संपतो. ‘बिनविरोध’ या मराठी शब्दाला इंग्रजीत ‘अनअपोज्ड’ म्हणतात, हे सांगितल्यास मुलांच्या ते चटकन लक्षात राहते. कारण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो शब्द त्यांनी ऐकलेला असतो.

विरोधक म्हणजे शत्रू नव्हे ही कल्पना इंग्रजी राजकीय भाषेत हळूहळू घडत गेली. १८२६ साली ब्रिटिश पार्लमेंटात जॉन कॅम हॉबहाउस या सभासदाने भाषणाच्या ओघात ‘हिज मॅजेस्टीज ऑपोझिशन’, म्हणजे राजेसाहेबांचा विरोधी पक्ष, असा शब्दप्रयोग केला. तो विनोदाने केलेला होता आणि सभागृहात हशाही पिकला. परंतु शब्द टिकला. कारण त्यात एक खरी गोष्ट सांगितली होती. मंत्र्यांना विरोध करणारा मनुष्य राज्याचा द्रोही ठरत नाही, तोही राज्याचेच काम करीत असतो. १९३७ साली तेथे विरोधी पक्षनेत्याला कायद्याने वेतन मिळू लागले. भारतीय संसदेतील विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा कायदा १९७७ साली झाला. विरोध करणाऱ्याला सरकारी तिजोरीतून वेतन देण्याची ही पद्धत नागरिकशास्त्राच्या तासाला सांगितली, तर ‘ऑपोझिशन’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

‘रायव्हल’ या शब्दाची कथा शेतकऱ्याच्या मुलाला विशेष जवळची वाटेल. लॅटिनमध्ये ‘रीवुस’ म्हणजे ओढा किंवा पाट, आणि ‘रीवालिस’ म्हणजे त्याच पाटाचे पाणी घेणारा दुसरा शेतकरी. रोमन कायदेपंडितांनी हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. एका पाटावर दोघांचे पाणी असले की कोणाची पाळी आधी, कोणी दार लवकर उघडले, कोणी बांध फोडला, यांवरून तंटे होतात, हे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धतीच्या गावांना सांगावयास नको. अशा गावांत पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यासाठी पाटकरी नेमण्याची परंपरा आहे. ‘रायव्हल’ म्हणजे ज्याला तीच वस्तू हवी आहे तो. एका चषकासाठी झटणारे दोन संघ, एका बाजारात एकच माल विकणारे दोन दुकानदार, पहिल्या क्रमांकासाठी अभ्यास करणाऱ्या दोन मैत्रिणी, हे एकमेकांचे ‘रायव्हल’ होत. परंतु ज्यांचा पाट एक आहे त्यांना पाट दुरुस्तही एकत्रच करावा लागतो. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात हा शब्द पहाऱ्यावरील साथीदार या अर्थाने आलेला आहे, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय होय.

‘ॲडव्हर्सरी’ आणि ‘अँटॅगॉनिस्ट’ हे शब्द वरच्या वर्गांसाठी ठेवावेत. ‘ॲडव्हर्सरी’ हा ‘अपोनंट’पेक्षा भारदस्त शब्द असून त्यात झुंज दीर्घ आणि गंभीर असल्याची सूचना असते. ‘अँटॅगॉनिस्ट’ हा ग्रीक भाषेतला शब्द असून त्याच्या पोटात स्पर्धा किंवा झुंज या अर्थाचा ‘अगोन’ शब्द आहे. नाटकात नायकाच्या विरुद्ध उभ्या राहणाऱ्या पात्रालाही तो लावतात. या शब्दाचा एक संस्मरणीय उपयोग इतिहासात नमूद आहे. दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधींनी चालविलेल्या सत्याग्रहाला तेथील सरकारातर्फे तोंड दिले ते जनरल स्मट्स यांनी. गांधीजींना त्यांच्या राजवटीत तुरुंगवास घडला. तुरुंगात गांधीजींनी स्मट्स यांच्यासाठी चपलांचा एक जोड तयार केला आणि सुटकेनंतर तो त्यांना भेट दिला. पुढे १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त डॉ. राधाकृष्णन् यांनी संपादिलेल्या ग्रंथात स्मट्स यांनी लेख लिहिला. त्यात त्यांनी या चपलांची आठवण सांगितली, आणि ज्याच्याविषयी मनात परम आदर होता अशा पुरुषाचे आपण ‘अँटॅगॉनिस्ट’ झालो, हा दैवयोग होता असे लिहिले. ‘एनिमी’ हा शब्द त्या ठिकाणी घालून पाहावा, म्हणजे दोन शब्दांमधील अंतर कळून येईल.

महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. १९०७ साली सुरतेस काँग्रेस फुटली तेव्हा लोकमान्य टिळक आणि नामदार गोखले परस्परविरोधी पक्षांत होते, आणि त्यांचा मतभेद कडवा होता. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी टिळकांनी त्यांचा मुक्तकंठाने गौरव केला. या दोघांविषयी इंग्रजीत लिहिताना ‘अपोनंट’ हाच शब्द योग्य ठरेल.

आता वाक्यरचनेसंबंधी तीन सूचना. पहिली सूचना ‘अपोज’ या क्रियापदासंबंधी. मराठीत ‘योजनेला विरोध केला’ असे म्हटले जाते. त्यातील ‘ला’ या प्रत्ययामुळे मुले ‘दे अपोज्ड टु द प्लॅन’ असे लिहितात. ते अशुद्ध होय. ‘दे अपोज्ड द प्लॅन’ असे पाहिजे. ‘टु’ घालावयाचा तो ‘दे वेअर अपोज्ड टु द प्लॅन’ या रचनेत, किंवा ‘ऑपोझिशन टु द प्लॅन’ या नामाच्या रचनेत. दुसरी सूचना अव्ययांच्या जोड्यांसंबंधी. ‘एनिमी’पुढे ‘ऑफ’ येतो, ‘हॉस्टाइल’पुढे ‘टु’ किंवा ‘टुवर्ड्स’ येतो, आणि ज्या वस्तूसाठी स्पर्धा आहे ती सांगताना ‘रायव्हल्स’पुढे ‘फॉर’ येतो. तिसरी सूचना ‘विथ’ या शब्दासंबंधी असून ती सर्वांत महत्त्वाची आहे. ‘ही फॉट विथ हिज ब्रदर’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. तो भावाशी लढला, किंवा भावाच्या बाजूने लढला. मराठी विभक्तीने हा घोटाळा टाळता येतो. इंग्रजीत तो टाळावयाचा तर विरोध दाखविण्यासाठी ‘अगेन्स्ट’ वापरणे श्रेयस्कर.

अध्यापनाच्या वेळी हे सर्व शब्द एका दिवसात फळ्यावर लिहू नयेत. पाचवीपर्यंत ‘फ्रेंड’ व ‘एनिमी’ यांच्या जोडीला ‘स्ट्रेंजर’ आणि ‘अपोनंट’ एवढे दोन शब्द आले तरी पुष्कळ झाले. सहावी-सातवीत ‘रायव्हल’ आणि ‘हॉस्टाइल’ घ्यावेत. शब्द निवडताना मुलांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, अशी सवय लावावी. दोघांना एकच वस्तू हवी आहे काय? असल्यास ‘रायव्हल’. दोघे एखाद्या ठराविक बाबीत समोरासमोर उभे आहेत काय? असल्यास ‘अपोनंट’. एकाला दुसऱ्याचे वाईट व्हावे असे वाटते काय? तसे असेल तरच ‘एनिमी’.

सरावासाठी पुढील प्रसंग मराठीत सांगून योग्य इंग्रजी शब्द विचारावा.

१. ग्रामसभेत रस्त्याच्या ठरावाविरुद्ध बोलणारी बाई.
२. दुसऱ्याच्या कडब्याच्या गंजीला रात्री आग लावणारा माणूस.
३. एकाच शिष्यवृत्तीसाठी परीक्षेस बसलेल्या दोन बहिणी.
४. शाळेच्या समोरचे टपाल कार्यालय.
५. अनोळखी माणसावर भुंकत धावून जाणारा कुत्रा.
६. खो-खोच्या सामन्यातील दुसऱ्या गावचा संघ.

उत्तराबरोबर कारणही विचारावे. कारण सांगताना मुले आपोआप माणसांच्या हेतूंचा विचार करू लागतात, आणि या पाठाचा खरा लाभ तेथे पदरात पडतो.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा हंगाम आला की त्याचे पडसाद शाळेत उमटतात, हे खेड्यातील प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे. दोन पॅनेल उभी राहतात. गुलाल उधळून झाल्यावरही पराभूत आणि विजयी घरांतील बोलणे बंद राहते, आणि कालपर्यंत एका पट्टीवर बसणारी मुले निरनिराळ्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. घरी ऐकलेला ‘दुश्मन’ हा शब्द ती वर्गात घेऊन येतात. गावाच्या राजकारणात शिक्षकाने पडू नये हे योग्यच आहे, आणि त्या मुलांच्या वडिलांना उपदेश करणेही त्याच्या हाती नाही. परंतु शब्दाचा अर्थ सांगणे हे निःसंशय त्याचे काम आहे, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावणार नाही. दोन पॅनेलचे उमेदवार एकमेकांचे ‘अपोनंट’ असतात, सरपंचपद एकच असल्यामुळे ते ‘रायव्हल’ही असतात, मतमोजणी संपली की त्यांना गावच्या एकाच विहिरीचे आणि एकाच रस्त्याचे काम पाहावयाचे असते. हे दोन शब्द फळ्यावर लिहून ही गोष्ट नावे न घेता समजावून सांगितली, तर तो इंग्रजीचाच पाठ राहील.

म्हणून वहीत ‘अवर एनिमी’ असे आढळल्यास त्यावर नुसती बरोबरची खूण करून पुढे जाऊ नये. तो शब्द खोडून वर ‘अपोनंट’ लिहावा आणि मुलाला जवळ बोलावून, कबड्डीच्या त्या मुलांचे वाईट व्हावे असे त्याला वाटते काय, एवढे विचारावे. तो ‘नाही’ म्हणेल. मग शब्द का बदलला हे त्याला पुन्हा सांगावे लागणार नाही.